बोटांपर्यंत पोचणारी काठी

जयपूरला राहून गळ टाकून मासे गरवण्याचा नाद करणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा मालवणचा. आमचे घरमालक दोन्ही आहेत, आणि दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच अभिमान आहे. विमा कंपनीने माझी बदली जयपूरला केली, तेव्हा वैशाली नगरमध्ये त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या मला मिळाल्या. काका रेल्वेच्या वर्कशॉपमधून विजेच्या कामावरून निवृत्त झालेले. मुलगा बंगळुरूला, वर ते आणि काकू दोघंच. आमच्या गल्लीत कांदासुद्धा खिडकी लावून चिरणारी कुटुंबं होती आणि त्या गल्लीच्या मधोमध गच्चीवर हा गृहस्थ रोज संध्याकाळी आठ फुटी काळी काठी हवेत झुलवत उभा असायचा. समोरच्या शर्माजींचा कित्येक महिने समज होता, की ही काठी संक्रांतीला कटलेले पतंग लुटण्यासाठी आहे. "इतनी महंगी लकड़ी? पतंग तो पाँच रुपये की आती है," असं त्यांनी मला एकदा काळजीने सांगितलं. मी खरं काय ते सांगितलं नाही. मला घर हवं होतं.

गंमत म्हणजे पकडलेला मासा काका खात नसत. 'गोड्या पाण्यातलो मासो म्हणजे ओलो कापूस,' हे त्यांचं ठाम मत. पकडायचा, दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे जरा बघायचं आणि पाण्यात सोडून द्यायचा. मग एवढा खटाटोप कशासाठी, असं मी विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे असं पाहायला लागले, जणू मी देवळात जाऊन प्रसाद किती रुपयांचा म्हणून विचारलं होतं. त्यांचा सगळा जीव मासा लागतो त्या क्षणात होता. पाण्याखाली, कुठेतरी लांब, कोणीतरी आमिषाला तोंड लावतं आणि ते आपल्या बोटांना कळतं. बाकी सगळं त्यांच्या लेखी हमाली.

आता ते कळायचं म्हणजे काठी कशी हवी, यावर काका न थांबता दोन तास बोलू शकत. घर बघायला गेले त्या दिवशीच मी अडकले. काठी ग्राफाइटची आहे म्हणाले, तर मी 'म्हणजे पेन्सिलीतलं?' असं विचारून बसले. झालं. पंखा बंद करून मला बसवण्यात आलं. पेन्सिलीतलं ग्राफाइट एकावर एक थर असलेलं, म्हणून ते कागदावर घसरतं, पण काठीतलं म्हणजे धागा. आधी साध्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा बारीक धागा ओढायचा, मग तो हवा लागू न देता प्रचंड आचेवर भाजायचा, म्हणजे बाकी सगळं उडून जाऊन फक्त कार्बन उरतो, केसाहून बारीक आणि पोलादापेक्षा ताठ. त्या धाग्यांचं कापड, त्याला राळेसारखा चिकट लेप. मग लोखंडाच्या निमुळत्या सळईवर ते कापड गुंडाळायचं, वरून पट्टी आवळून बांधायची, भट्टीत भाजायचं आणि सळई ओढून काढायची. मला तोंड उघडं टाकून बसलेली पाहून काकूंनी आतून सांगितलं, अगो, अळूवडी. पान, वर पीठ, गुंडाळी, उकड. काका क्षणभर रागावले, मग विचार करून म्हणाले की बरोबर आहे, आणि स्वस्त काठीत पीठ जास्त नि पान कमी असतं. त्या दिवसापासून अळूवडी खाताना मला उगीचच ताठपणा आणि वजन यांचा विचार मनात येतो.

बाजारात 'शंभर टक्के ग्राफाइट' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेल्या काठ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्यांच्या खिशात कायम दोन सेल, एक बारका एलईडी दिवा आणि वायरचे दोन तुकडे असत. एकदा मी त्यांना चारदिवारीतल्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातल्या, खेळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने काळीभोर काठी पुढे केली. काकांनी बुडाशी दोन ठिकाणी नखाने रंग खरवडला, वायरी टेकवल्या. दिवा लागला नाही. कार्बनमधून वीज जाते, काचेच्या धाग्यातून जात नाही. काकांनी शांतपणे सांगितलं, "भैयाजी, ये काला रंग लगाया हुआ काँच है." दुकानदार बिचारा म्हणाला, की बाऊजी, मछली को क्या पता चलेगा. त्यावर काकांनी मासा आणि माणूस यांच्यातलं नातं, रेल्वेच्या तारांखाली कार्बनची काठी उभी धरणाऱ्याचं काय होतं आणि ग्राहकाचा हक्क, या तीन विषयांवर जे भाषण केलं, त्याने दुकानापुढे घोळका जमला. शेवटी खरवडलेली काठी आम्हालाच विकत घ्यावी लागली. ती अजून काकूंच्या जळमटं काढायच्या कामी येते.

घरी येणाऱ्या प्रत्येकाची एक परीक्षा व्हायची. सिलिंडरवाला असो, मीटर बघायला आलेला माणूस असो की सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजी, त्यांना खुर्चीत बसवून डोळे मिटायला लावत आणि हातात काठीची मूठ देत. काठीचं टोक दुसऱ्या खोलीत. तिथे काका तांदळाचा एक दाणा घेऊन टोकाला हलकेच टेकवायचे आणि ओरडून विचारायचे, किती वेळा? काचेची काठी असली की उत्तर एक-दोन यायचं, कार्बनची असली की अचूक. जाड, जड काठी थरथर वाटेतच गिळते, ताठ आणि हलकी काठी ती तशीच पुढे पाठवते, हे सिद्ध झालं की गुरुजींना दक्षिणा मिळायची. मीही परीक्षा दिली. पाचपैकी पाच. त्या दाण्याची टिचकी आठ फुटांवरून थेट बोटाच्या पेरात उमटली, तेव्हा अंगावर काटा आला हे कबूल करते.

एका रविवारी काकूंनी डाव उलटवला. त्या म्हणाल्या, "आज तुमी बसा. मी टकटकवतंय." काका कुरकुरत बसले, डोळे मिटले. काकूंनी पाच वेळा दाणा टेकवला. मी मधल्या दारात उभी राहून मोजत होते. काका मूठ आणखी घट्ट धरत म्हणाले, "सुरू कर मां." काकूंनी दाणा ताटलीत ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मधुमेहाने काकांची बोटं सुन्न होत चालली होती. सदऱ्याची बटणं काकू लावून देत हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली जाणीव परत यायची आशा धरू नका. काकांनी त्यावर आपला उपाय शोधला होता. बोटं बधिर होत असतील, तर काठी आणखी तल्लख आणायची.

म्हणून तर घरात एकीपेक्षा एक ताठ काठ्या येत होत्या. पण जितका धागा ताठ, तितकी काठी ठिसूळ, आणि आमच्या काकांना दिवाणखान्यात काठी जोडून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. एकदा टोक चालू पंख्याला लागलं. टक् असा एवढासा आवाज. भिंग घेऊन पाहिलं तरी ओरखडा दिसेना. काकू म्हणाल्या, काही झालं नाही. काका म्हणाले, काठीने ते मनात ठेवलंय. दुसऱ्या दिवशी गच्चीवर काठी वाकवली तर तिथेच फटाक्यासारखी मोडली आणि शर्माजी 'कौन मरा' म्हणत बाहेर आले. त्यानंतर मुलाने बंगळुरूहून एक काठी पाठवली. हातात घेतली तर हातात काही आहे असं वाटू नये इतकी हलकी. काका त्या रात्री नीट जेवले नाहीत. हिच्यातूनही कळलं नाही तर गरवणं सोडणार, असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं, आणि काकूंना सांगू नकोस म्हणून बजावलं.

जयपूरजवळच्या बस्सीच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याचं तळं होतं. पकडलेला मासा परत सोडतात हे पाहून तो काकांना साधूपुरुष समजे आणि चहाचे पैसे घेत नसे. रविवारी सकाळी माझ्या गाडीतून आम्ही तिथे जात असू. मला एक गोष्ट माहीत होती, जी काकांना वाटे मला माहीत नाही. गेल्या काही खेपांना त्यांना मासा लागलेला 'कळत' होता तो माझ्या चेहऱ्यावरून. दोरी हलली की माझा श्वास अडकायचा, आणि ते काठी उचलायचे. मी कधी बोलले नाही. पण नवीन काठीच्या दिवशी मला ते बरं वाटेना. मी ठरवून त्यांच्याकडे पाठ केली आणि मोहरीच्या शेताकडे पाहत बसले. डोळ्याच्या कोपऱ्यातून मात्र दोरी दिसत होती, तेवढा लबाडपणा माझ्याकडून झालाच.

बराच वेळ गेला. मग दोरी थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली, चांगली ताणली गेली आणि सैल पडली. मागे काहीही हालचाल झाली नाही. मी श्वास रोखून मोहरीकडे बघत राहिले. थोड्या वेळाने काकांनी अगदी हलक्या आवाजात विचारलं, "इलो काय गो?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण या माणसाने रंग लावलेल्या काचेला कधी कार्बन म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "आला होता काका. दोनदा. गेला."

ते काठीकडे बघत बसले. मग म्हणाले, "काठी बरी आसा. निरोप हंयसर येता." त्यांनी मुठीवर हात ठेवला. "पुढे माझोच रस्तो बंद." आणि त्यांनी काठी माझ्यापुढे धरली. मला येत नाही म्हटलं, तर म्हणाले, "येवक नको. धर, आणि काय कळता ता माका सांग."

मी धरली. आधी काहीच नाही, नुसता वारा. मग दोरीला वजनासाठी बांधलेलं शिसं तळाच्या वाळूवरून सरकलं ते कळलं. मग कोणी दारावर नखाने वाजवावं तसं काहीतरी. मी सांगितलं. काकांनी डोळे मिटून घेतले होते. एकदा की दोनदा, त्यांनी विचारलं. एकदा, आणि मग घासल्यासारखं, मी म्हटलं. "रोहू," ते म्हणाले, "चाखता. घाई करू नको." मी एकेक गोष्ट सांगत गेले, डावीकडे गेला, थांबला, आता ओढतोय, आणि ते म्हणाले, "उचल." काठी कमानीसारखी वाकली, मासा उसळला, मी किंचाळले. काकांनी काठीला हात लावला नाही. ते फक्त विचारत राहिले, डोकं हलवतो का, खाली जातो का, आता कसं वाटतं, आणि त्यांचा चेहरा असा होता, जणू तो मासा माझ्या हातात नसून त्यांच्याच हातात आहे. मला रडू आलं. माशामुळे आलं, असं मी त्यांना सांगितलं.

पुढे वर्षभर आम्ही असेच मासे गरवत राहिलो. माझी बोटं, त्यांचं डोकं. गरवणं सोडायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि काकूंना जिन्यातलं काही कळलं नाही, किंवा कळलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही. मग माझी बदली सोलापूरला झाली. इथेही मी एक काठी घेतली आहे, अर्थात दिवा लावून पाहूनच. गेल्या रविवारी गावाबाहेरच्या तळ्यावर बसले होते. दोरी जराशी हलली आणि बोटांना नीट कळलं, एक ठोका, मग घासल्यासारखं. "काका, रोहू," असं मी म्हणून गेले आणि शेजारी पाहिलं. तिथे माझ्या चपला होत्या आणि चहाचा थर्मास. मासा बराच वेळ चाखत होता. मी काठी उचललीच नाही.