ओटरलिंगनचं पळपुटं पाणमांजर

एकतीस वर्षं ओटरलिंगनचा झेंडा वालबुर्गाच शिवत आली होती. मधोमध गावाची निळी ढाल, ढालीत तोंडात मासा धरलेलं पांढरं पाणमांजर. नवरा युद्धावरून परतला नाही, मूलबाळ नाही. गावात तिला मान होता तो या पाणमांजरामुळे. आणि यंदा नेमबाजीच्या उत्सवाचा नवा झेंडा नगराध्यक्षांनी दिला कुणाला? तर इर्मट्राउटला! परवा-परवा लग्न होऊन आलेली परगावची पोर ती!

"तुमच्या डोळ्यांना आता आराम हवा, वालबुर्गाबाई," नगराध्यक्ष म्हणाले.

"डोळ्यांचे डॉक्टर कधीपासून झालात तुम्ही?" वालबुर्गा फणकारली. महिनाभर तिचा नुसता जळफळाट चालला होता. इर्मट्राउटच्या खिडकीतून शिलाई मशीनचा आवाज आला, की हिच्या पोटात दुखायचं.

उत्सवाच्या आदल्या दिवशी तीच पोर झेंडा घेऊन दारात उभी. "बाई, एकदा नजर टाकता का? तुमच्यासारखं कुठलं जमायला मला!"

वालबुर्गाने झेंडा टेबलावर पसरला. टाके इतके सुबक, की तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि मग तिला दिसलं. पाणमांजराचं तोंड काठीच्या उलट बाजूला होतं. झेंड्यावरच्या जनावराने काठीकडेच बघायचं असतं; काठीला पाठ केली, की ते लढाईतून पळालेलं. ओटरलिंगनमधली शेंबडी पोरंही हे जाणतात.

"छान झालंय," वालबुर्गा म्हणाली. वर आलुबुखारच्या केकचा तुकडाही दिला.

दुसऱ्या दिवशी बँड वाजला, झेंडा चढला, वाऱ्याने फुलला. शेजारच्या गावचे पाहुणे खो खो हसायला लागले.

"अहो, तुमचं मांजर मासा घेऊन पळालं की!"

नगराध्यक्ष लालबुंद झाले. वालबुर्गाला आतून गुदगुल्या होत होत्या. घ्या, म्हणावं, आता!

इर्मट्राउट रडवेली होऊन पुढे आली. "चूक माझीच. काल बाईंना दाखवला होता, त्या छान म्हणाल्या..."

सगळ्यांच्या माना वालबुर्गाकडे वळल्या. बँडवाले वाजवायचे थांबले.

"त्यांना काही बोलू नका हो," इर्मट्राउट कळवळून म्हणाली. "त्यांना दिसलं नसेल. खरंच थकलेत डोळे त्यांचे."

नगराध्यक्षांचा चेहरा निवळला. त्यांनी स्वतः खुर्ची आणली, वालबुर्गाचा दंड धरून तिला बसवलं. "बघा, मी म्हणत नव्हतो? आता सुई बाजूला ठेवा, बाई."

वर झेंड्याचा टाका न् टाका वालबुर्गाला लख्ख दिसत होता.

"हो," ती म्हणाली. "नाही दिसलं मला."