उतरता सूर

परप्रांतात, इंद्रपुरीतल्या दवाखान्यात पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मला टेबलावर घेतलं, तेव्हा भीतीने मी "आई गं!" म्हणालो.

"अरे, तुम्ही मराठी? मग तर गप्पाच!" भूल देणाऱ्या वयस्कर डॉक्टरबाई खूश झाल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळेच तेवढे चमकत होते. त्यांनी माझ्या बोटाला चिमटा लावताच यंत्र टुणटुण वाजू लागलं.

"ऐका भाऊ! पूर्वी आम्ही पेशंटची नखं निळी पडतात का, ते बघत बसायचो. आता ऑक्सिजन घटला की हा सूरच उतरतो. पाठ वळलेली असली तरी कळतं!"

तो उतरता सूर त्यांनी गाऊनच दाखवला. हसता हसता मला झोप लागली.

डोळे उघडले, तेव्हा त्यांची दोन बोटं माझ्या नाडीवर होती.

"आलात!" त्या ओरडल्या, जणू मीच त्यांचा पहिला पेशंट.