आठ कोस, नऊ तास

निजामाच्या अमलातली शेवटची वर्षं होती. आमचं गाव सेनगावच्या बाजूला, हिंगोलीच्या स्टेशनपासून आठ कोसांवर. माझ्या आईला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. पूर्णेला डोळ्यांचा डॉक्टर आल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या मुक्कामाचा एकच दिवस उरला होता. हिंगोलीहून संध्याकाळची गाडी मिळाली तरच त्याची गाठ पडणार होती.

हिशेब थोरल्या भावाने केला. दादा दरवर्षी कापूस घेऊन हिंगोलीच्या जिनिंगला जायचा. बैल तासाला एक कोस चालतात, हे त्याने अनेकदा पाहिलेलं. आठ कोसांना आठ तास, वैरणपाण्याला एक. उजाडताच निघालं तर तिसऱ्या प्रहरी स्टेशन, आणि वर दोन तास हाताशी. गणितात चूक नव्हती.

आई आसपासच्या गावांत बाळंतपणं करायची. जिने नाळ कापली ती दारावरून तशीच पुढे गेली तर लेकराला लाभत नाही, असं आमच्याकडे मानत. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिशेबात मात्र कुणी धरलं नाही. कापसाची गाडी कधी कुणी अडवली नव्हती.

पहिल्याच गावात एका म्हाताऱ्याने बैलाची वेसण धरली.

"काहून पळवून राहिला रे मावशीला? नातू दाखवायचा हाय."

"काका, आगीनगाडी चुकंल," दादा म्हणाला.

"आगीनगाडी रोज येते. मावशी येते का रोज?"

आई उतरली. लेकराच्या तोंडाजवळ चेहरा नेऊन तिने पाहिलं, टाळूवर तेल घातलं, गूळपाणी घेतलं. पुढच्या गावात अशी दोन घरं निघाली. त्यापुढच्या गावात बायका लेकरं घेऊन वाटेवरच उभ्या होत्या. दादा दर वेळी उन्हाकडे बघायचा, उरलेले कोस मोजायचा आणि बैल हाकायचा. चालत असत तेव्हा बैल तासाला एक कोसच चालत होते.

चौथ्या गावात तो चिडला. "माय, पोरं पाहू पाहू डोळे घालवशील तू."

"हायेत तवर पाहून घेते," आई म्हणाली.

हिंगोलीच्या अलीकडे कयाधू नदीच्या काठी पोचलो तेव्हा सुटणाऱ्या गाडीच्या इंजिनाची शिट्टी ऐकू आली. दादाने कासरा सैल सोडला. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढल्या वर्षी डॉक्टर पुन्हा आला. या वेळी दादाने कोसांऐवजी वाटेतली घरं मोजली आणि आम्ही एक दिवस आधी निघालो. आईला तोवर उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. लोकांनी तिला पाहिलं आणि गाडी अडवली नाही. "जाऊ द्या मावशीला, तकलीफ नका देऊ," एक बाई दारातूनच म्हणाली.

"कोनतं गाव आलं?" आईने विचारलं. दादाने सांगितलं.

"मंग थांबीव की."

प्रत्येक गावात तिने गाडी थांबवली. पोरं पुढे येत, ती त्यांची तोंडं हाताने चाचपायची. दादा बैलांना पाणी दाखवत राहिला.

आगगाडी मिळाली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याला उशीर झाला, डॉक्टर म्हणाला.

परतताना आईच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. वाटेतलं पहिलं गाव आलं, तेव्हा तिने विचारायच्या आधीच दादाने बैल सोडले.