बोर्डिंगचा गरम भात

"ए, ती माझी पोळी आहे."

डॉक्टरांचा मुलगा वर्गाच्या दारात उभा होता. माझ्याच वर्गातला. डब्याचं झाकण विसरला म्हणून परत आला होता. माझ्या हातातल्या पोळीकडे बोट दाखवून म्हणाला, "बघ, मी इथेच चावा घेतला होता. खा, खा. मला नकोच होती."

त्यात खोडसाळपणा नव्हता. चांगुलपणाने बोलला तो. बाकीची पोरं हसली. मी मान खाली घातली आणि खाल्लं. दातांच्या खुणेपासूनच सुरुवात केली, म्हणजे ती आधी नाहीशी होईल.

पनवेलच्या मिशनच्या हायस्कुलातली ही गोष्ट. मी तिथे बोर्डिंगात होतो. आई-बाप वीटभट्टीवर. आमची कातकऱ्यांची वाडी कोन गावाच्या पलीकडे. फादर स्वतः वाडीवर आले, आम्हा पोरांना घेऊन गेले, हातात पाटी दिली. हे खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

पण जेवण असं होतं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात एक मोठं जर्मनचं पातेलं ठेवलेलं असे. गावातली मुलं डबा खाऊन झाला की उरलेलं त्यात टाकत. भात, भाजी, आमटी, चोखलेली लोणच्याची फोड. सगळं एकात. ती वर्गात गेली की आम्ही खायचं. सकाळी प्रार्थनेला फादर सांगत, "अन्न फेकू नका. गरिबांचा वाटा ठेवा." ज्या वर्गाचं उरलेलं जास्त, त्या वर्गासाठी टाळ्या. टाळ्या आम्हीही वाजवायचो.

पोळीच्या दिवशी चांग्या माझ्या शेजारी बसला होता. माझ्याच वाडीतला, माझ्याच वयाचा. त्याने हातातला घास खाली ठेवला. "मी नाय खानार."

"मग काय खाशील?" मी विचारलं.

"ते उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सुट्टी संपत आली होती. चांग्याने पातेलं उचललं, काखेत धरलं, हातात पळी घेतली आणि सरळ वर्गात शिरला. बाकावर उघडे डबे. त्याने प्रत्येकात एकेक पळी वाढायला सुरुवात केली. पंगतीत वाढतात तसं, शांतपणे. डॉक्टरांच्या मुलापुढे थांबला.

"तुजंच हाय. तूच खा."

एक मुलगी ओकली. कोणी रडायला लागलं. मी दाराबाहेर होतो. मी आत गेलो नाही.

संध्याकाळी पालक आले. डॉक्टर आले, वाण्याच्या पेठेतले दोघे आले. फादरांची अडचण मला आज कळते. उष्टं परत वाढलं म्हणून पोराला काढलं असं सांगितलं, तर उष्टं कोणाला देत होतात हेही सांगावं लागणार. मला बोलावलं. खोलीत ते आणि मी.

"भांडारातली साखर नाहीशी होते. चांग्या घेतो ना? तू पाहिलंस ना?"

साखर कोणी घेत नव्हतं. भांडाराला कुलूप होतं.

"हो फादर," मी म्हणालो.

कातकऱ्याच्या पोराला चोर म्हणायला कोणी पुरावा मागत नाही. इथे तर पुरावाही मिळाला, आणि तो कातकऱ्यानेच दिला. चांग्याचा बाप येऊन त्याला घेऊन गेला. फाटकापासून मारत नेला.

त्यानंतर पातेलं परत दिसलं नाही. मागच्या अंगणात चूल मांडली गेली. डाळ-भात, गरम. पहिल्या दिवशी मी दोनदा मागून घेतला.

मी मॅट्रिक झालो, त्याच शाळेत मास्तर झालो, मुख्याध्यापकांच्या खालोखाल खुर्ची मिळवली. खांदा कॉलनीत घर घेतलं. तिथे कोणी वाडी विचारली नाही, मीही सांगितली नाही. शाळेचा रौप्यमहोत्सव आला तेव्हा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, "मुलांची भूक पाहून दयाळू फादरांनी बोर्डिंगमध्ये स्वयंपाकघर सुरू केलं." पुढच्या प्रत्येक समारंभात तेच वाक्य वाचलं गेलं. लोक डोळे पुसत.

यंदा सुवर्णमहोत्सव आहे. बोर्डिंग कधीच बंद झालं, त्या जागी स्केटिंगचं मैदान आहे. आताच्या मुख्याध्यापिका सिस्टरांनी मला इतिहास सांगायला बोलावलं. मी हो म्हटलं आणि मग वाडीवर गेलो.

चांग्या दारात मासे धरायचं जाळं सांधत होता. वर न बघता म्हणाला, "मास्तर का? वाट बरी सापडली."

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं.

"मला काय सांगतोस? मी साखर नाय घेतली, मला म्हाईतच हाय. माजा बा मरेपर्यंत इचारत होता, साखर कुठं इकलीस रं. त्याला सांगायचं व्हतंस."

मी हात जोडले.

"ते ऱ्हाऊ दे. भात गरम व्हता ना रं? मला तो नाय मिलाला." मग जाळं बाजूला ठेवलं. "जिथं बोललास ना, तिथं जाऊन सांग. हिथं नको रडूस."

मी सिस्टरांकडे गेलो. काय बोलणार आहे ते सांगितलं. त्या वाईट नाहीत. वयाने माझ्या मुलीएवढ्या.

"सर, फादर आता नाहीत. पालक येणार, ट्रस्टी येणार. जरा पॉझिटिव्ह ठेवू या ना. जुनंच वाचा, किती छान आहे ते."

या शाळेत मी आयुष्यभर "हो" म्हणत आलो. त्या दिवशी "नाही" म्हणालो.

दोन दिवसांनी फोन आला. माझ्या तब्येतीचा विचार करून भाषण दुसऱ्यांना दिलं आहे. माझी तब्येत ठीक आहे. थकलोय, एवढंच. खोटं सांभाळायला फार ताकद लागते.

महोत्सवाला मी जाणार आहे. ते वाक्य वाचलं जाईल तेव्हा उभा राहणार आहे. स्वयंपाकघर फादरांनी सुरू केलं नाही, चांग्याने सुरू करायला लावलं. तो चोर नव्हता. खोटं मी बोललो. माईक देणार नाहीत, नको. वर्गात शिकवायला मला कधी माईक लागला नाही. खाली बसवलं तर पुन्हा उठेन. बाहेर काढलं तर फाटकाशी थांबून, बाहेर पडणाऱ्या एकेका माणसाला सांगेन.