आईच्या जीपची एरियल

आमच्या घरात आई कानडी बोलायची नाही. म्हणजे बोलू दिलं जायचं नाही. अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातून ती लग्न होऊन सोलापुरात आली आणि वडिलांनी नियम घातला: घरात मराठी. नाहीतर पोरांची मराठी बिघडेल, शाळेत हसतील. पोरं म्हणजे मी आणि माझा थोरला भाऊ. आम्हाला शाळेत नंतर इतर बऱ्याच कारणांनी हसले, ती गोष्ट वेगळी.

नियमाला एक पळवाट होती, तीही वडिलांनीच ठेवलेली. शेतावर जायला त्यांनी जुनी फोर बाय फोर जीप घेतली होती. तिच्या रेडिओवर सीमेपलीकडचं कानडी स्टेशन लागायचं. "गाडीत काय ऐकायचं ते ऐक," असं ते आईला म्हणाले होते. बायकोला एवढी मोकळीक देणारा माणूस म्हणून भावकीत त्यांचं नाव होतं.

वडील गेले. शेत वाट्याने दिलं आणि जीप अंगणात पत्र्याखाली उभी राहिली. थोरला अधूनमधून ती फिरवून आणतो, बॅटरी उतरू नये म्हणून. आई रोज दुपारी मांडीवर फोडायच्या शेंगांचं सूप घेऊन पुढच्या सीटवर बसते. घरातल्या रेडिओवर ते स्टेशन लागत नाही. जीपच्या बॉनेटशेजारी एक लांब काडी होती, वर ओढली की खांद्याला लागणारी. ती एरियल होती म्हणून लागायचं.

खंडेनवमीला थोरल्याने जीप धुतली, पूजली. बॉनेटवर हार ठरेना, म्हणून झेंडूचा तो भलाथोरला हार त्याने एरियललाच गुंडाळला आणि वर हौसेने तीच जीप नवी पेठेत नेली, दसऱ्याचे कपडे घ्यायला. तिथे एका कापडदुकानापुढच्या ताडपत्रीच्या दोरीत हार अडकला. थोरला वर न बघता गाडी रेटत राहिला. मी शेजारी बसून "चल, चल, जागा हाय," असं सांगत होतो. हार दोरीला राहिला, काडीही राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर आईने उरलेल्या बुडख्याला बोट लावून बघितलं.

"मोबाईलवर सगळं लागतंय की," थोरला म्हणाला आणि त्याने लावूनही दिलं. टाय घातलेला एक इसम कानडीत ओरडत होता. आईने फोन लांब धरला. "ह्यो कुणाला दम देतोय रं? माज्याशी न्हाय बोलत त्यो."

मग मी मनावर घेतलं. माझं मनावर घेणं हे बायकोच्या मते अधिक महिन्यासारखं असतं, कधीतरी येतं आणि सगळं पुढे ढकलतं. दुकानदाराने मला बोटाएवढी रबरी एरियल दाखवली. "लांब काडी आता कोण लावतंय साहेब? फॅशन हीच." मला ती आवडली. मी स्वतः पान्याने आवळून बसवली आणि दोन दिवस घरात बोटांचं काळं पुसलं नाही. आई आत जाऊन बसली, बटण फिरवलं.

"लागतंय का?"

"लागतंय की."

दिवाळी गेली, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा गेली. आई रोज दुपारी जाऊन बसायची. मग एका रविवारी टायरात हवा भरायला गेलो, तर जीपमधून नुसती खरखर. आई शेंगा फोडत होती आणि ती खरखर ऐकत होती.

"अगं, हे कधीपासून?"

"तू बसवल्यापासनं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. लागतंय म्हटलं. तुमाला तेवढंच ऐकायचं हुतं."

त्यावर मी टायरात इतकी हवा भरली की थोरल्याने येऊन पंप काढून घेतला.

आम्ही दोघांनी मिळून एका भंगारातल्या जीपची लांब काडी आणली. दोघांनी मिळून आजवर आम्ही ती मोडण्याचंच काम केलं होतं. थोरल्याने धरली, मी आवळली. आतली वायर गंजली होती, ती घासून साफ केली. काडी वर ओढली, आईने बटण फिरवलं आणि एका माणसाचा कानडी आवाज आला. स्वच्छ. शेजारी ओट्यावर बसून बोलावं तसा.

आम्हाला इतका आनंद झाला की आम्ही दोघे मागच्या सीटवर चढलो. बायको चहा घेऊन आली, तीही चढली. रेडिओवरचा माणूस काहीतरी बोलला आणि आई खळखळून हसली. तिला तसं हसताना मी बघितलेलं नव्हतं.

"काय म्हणाला?" थोरल्याने विचारलं.

"कुणाचं तरी रेडकू तुरीत शिरलं म्हणं..." ती सांगू लागली, तोवर तो माणूस पुढे गेला.

"आता काय म्हणाला?" मी विचारलं.

"थांब की रं. त्याची बायकू..."

"आणि आता?" हे बायकोने.

आईने आवाज बारीक केला.

"उतरा खाली."

"का गं?"

"तुमी बसलाव की मला मराठीतच ऐकू येतंय."

आम्ही हसलो. ती हसली नाही. "उतरा म्हटलं की."

चहाचे कप घेऊन आम्ही उतरलो. तिने दार ओढून घेतलं आणि आवाज वाढवला. थोड्या वेळाने तिचाही आवाज आला. त्या रेडिओशी ती कानडीत बोलत होती, भराभर, कुठे न अडखळता. आपल्या आईला एवढं बोलता येतं, हे आम्हाला पन्नाशीत कळलं.

"काय म्हणतीया?" थोरल्याने हळूच विचारलं.

मी कान दिला. मला कानडीतलं 'ऊटा आयता', म्हणजे जेवण झालं का, एवढंच येतं. ती ते विचारत नव्हती.