डोळ्यांत थेंब आणि दारात स्थळ

डोकं रोज ठणकायचं म्हणून शनिवारी सकाळी मी डोळे तपासायला गेले. डॉक्टरबाईंनी थेंब घातले आणि समजावलं, "यानं बाहुली मोठी होते, म्हणजे आतला पडदा मला नीट बघता येतो. पण जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगतं ना, ते आता संध्याकाळपर्यंत फुगणार नाही. लांबचं दिसेल, जवळचं पुसट. उजेडही टोचेल."

टोचू दे, सुट्टीच आहे, म्हणत चंदनसारला घरी आले, तर पोह्यांचा वास! उद्या येणारं वसईचं स्थळ आजच येत होतं.

"आई, मला काही दिसत नाहीये गं!"

"तुला कुठल्या स्थळात काही दिसलंय?" आई फणकारली. "या वेळी नीट बघ. ते गेले की लगेच हो की नाही सांगायचं. विचार करते म्हणालीस तर याद राख!"

शप्पथ, रडूच फुटायचं बाकी होतं. जन्माचा जोडीदार बघायचा, आणि मला हातातल्या बशीतले शेंगदाणे दिसेनात!

मुलगा आईला घेऊन आला. समोर हातभर अंतरावर एक निळा शर्ट, वर काहीतरी गव्हाळ. ट्यूबलाइट डोळ्यांत घुसत होती म्हणून मी मान खाली घातली. बाबा खूश, पोरगी कधी नव्हे ती लाजली! त्याची आई माझ्या काळ्याभोर डोळ्यांवर भाळली. ती थेंबांची करामत! त्याचा आवाज छान होता. पण नुसत्या आवाजावर लग्न करतं का कुणी?

ते जिना उतरले आणि आई समोर उभी. "बोल, हो की नाही?"

कप्पाळ! मी गॅलरीत पळाले.

उन्हाला हात आडवा धरला, तर खाली गेटपाशी तो लख्ख दिसला. नाक, कान, हसरी जिवणी, सगळं! तेवढ्यात त्यानं खिशातून जाडजूड चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि आईवर वैतागला. आमचा पहिलाच मजला, शब्दन् शब्द वर आला.

"तुझ्या हट्टापायी चष्मा काढून बसलो. मुलगी दिसलीच नाही मला! आता काय सांगू?"

मला असं हसू फुटलं की त्यानं वर पाहिलं. पाहतच राहिला. बिचारा, माझ्यासारखाच अडकलेला! आवडलाच मला.

मी आईला सगळं सांगितलं.

"अगंबाई! थांब, परत वर बोलावते त्यांना."

"वर नको!" मी ओरडले. "तिथेच उभा राहू दे. जवळ आला की परत दिसायचा नाही. तू वरूनच सांग त्याला, हो म्हणून."