धुरपताबाईचा पाय

धुरपताबाई म्हणजे माझी मोठी जाऊ. पायाळू. आईच्या पोटातून डोक्याआधी पाय बाहेर आले, एवढाच तिचा गुन्हा. पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरेतली उसण पळते, असं आमच्या केशोरीकडे सगळेच मानतात. आग लागो त्या मानण्याला. ती फ्रॉकात होती तेव्हापासून, आधी माहेरी, मग सासरी, गाव तिच्या दारात येऊन पालथं पडतं. कोणी धानाचं पोतं उचललं, चमक भरली, की चालला धुरपताकडे. ती खांबाला धरून एका पायावर उभी राहते आणि दुसरा त्याच्या पाठीवर दाबते. जेवत असली तर हात धुऊन उठते. नाही म्हटलं तर पायाचा गुण जातो म्हणतात. कोण म्हणतात? ज्यांची पाठ दुखते तेच.

आणि हिच्या पाठीचं काय? धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकायचं, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला वाकायचं. मागच्या रोवणीनंतर तिची डावी मांडी मागून अशी ताठली की पाय सरळ टाकता येईना. शीर आखडली असेल, वाकून अंगठे धर, मोकळी होईल, असं जो तो सांगून गेला. बिचारीनं धरले. दुसऱ्या दिवशी मी आणि माझ्या पोरीनं तिला धरून संडासला नेलं. अक्कल शिकवणाऱ्यांपैकी कोणी फिरकलं नाही.

मीच तिला गोंदियाला नेलं. तिथल्या व्यायामवाल्या रेणू मॅडमनं नीट समजावलं. मूळ दुखणं मांडीत नाही, कंबरेत आहे. मणक्यांमधली गादी सरकून पायाच्या नसेला दाबून राहिली, म्हणून मांडी ताठते. वाकून ओढाल तर आणखी दाबेल. उताणं झोपायचं, एक गुडघा मोडून ठेवायचा, दुसऱ्या तळव्याला दुपट्टा अडकवून पाय हळूहळू वर न्यायचा. ताण कळला की थांबायचं, झिणझिण्या आल्या तर खाली घ्यायचा. वाकणं बंद, ओझं बंद, एका पायावर उभं राहणं तर मुळीच नाही. पंजा लुळा पडू लागला तर ऑपरेशन, आणि तरी पाय पूर्वीसारखा होईलच असं नाही.

तिनं मन लावून केलं. बाया कामावर गेल्या आणि ही पाय वर करून पडली, म्हणून माझे भासरे योगराज, म्हणजे तिचा नवरा, कुरकुरत. तरी तिची मांडी सैल होऊ लागली होती. पण दारात दुखऱ्या पाठी यायच्या थांबल्या नाहीत. एकाची उसण काढली की हिचे चार दिवस वाया. हल्ली तर चालताना डाव्या पायातली चप्पल निसटते आणि हिला कळतही नाही. मी भासऱ्यांसमोर बोलत नाही. बोलत असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

परवा सकाळी ती सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, चटईवर होती, पायाला दुपट्टा लावून. तेवढ्यात शेजारच्या गल्लीतले भैयाजी कंबर धरून आले. मोठा माणूस, शेतीवाला, अर्ध्या गावाला काम देणारा. कोणाला न विचारता अंगणात पालथे झाले. भासऱ्यांनी हिला हाक मारली. ही उठली नाही. यांना गोंदियाला न्या, एवढंच म्हणाली.

"देवानं तुले पाय देला," भासरे तापले, "अन् तू नाही काऊन म्हन्तेस?"

"देवानं पाय मले देला," ती पाय खाली न घेता म्हणाली. "गावाले नाही देला. तो लुळा पडन तवा मले संडासले कोन नेईन? तुमी नेसान?"

भैयाजी मान वर करून म्हणाले की बाईला माज चढला, आता हिच्या पायाचा गुण जाईल. माज! मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांना उठता येईना. गल्लीतले चौघे धावत आले, काखेत हात घालून त्यांना उचललं, गाडीवर बसवलं. चौघेही कधी ना कधी हिच्या पायाखाली झोपून गेलेले. एकानंही हिच्याकडे पाहिलं नाही.

तिला उठवायला मी हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली, "आजून दुसरा पाय व्हाचा हाये."